माजी सैनिकाची परदेशी पत्नी : हक्क आणि दप्तर (लेखांक सातवा)

माजी सैनिकांच्या हक्कांचा विचार करताना ज्या प्रश्नाला आपल्या पेठ तालुक्यात बहुधा कोणी हात घालीत नाही, आणि ज्याविषयी चावडीवर, बँकेच्या रांगेत आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या बैठकीत मात्र छातीठोकपणे मते दिली जातात, तो प्रश्न या आठवड्यात घ्यावयाचा आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाने दुसऱ्या देशाच्या नागरिक असलेल्या स्त्रीशी विवाह केला, तर त्याच्या पश्चात तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते काय? "बाहेरच्या देशाची बाई, तिला सरकार पेन्शन कशाला देईल?" हे वाक्य पेठेत मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते बोलणारे सगळेच अडाणी होते असेही नाही. हे मत चुकीचे आहे. त्यावर विसंबून एखादा सैनिक आपल्या विवाहाची नोंद करावयाचे टाळतो, आणि त्याच्या मागे तिचा हक्क कायद्याने नव्हे, तर त्या टाळाटाळीने बुडतो.

प्रथम, हा प्रश्न मुळात उद्भवतो कसा, ते पाहू. मुलकी खात्यातील नोकर साठीच्या आसपास निवृत्त होतो, तेव्हा त्याचा संसार बहुतेक पार पडलेला असतो. सैन्यातील जवानाला मात्र पंधरा वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन लागू होते, आणि त्यामुळे विशीच्या आत भरती झालेला शिपाई वा नाईक पस्तिशी-चाळिशीतच वर्दी उतरवून घरी येतो. नागली, वरई आणि भाताच्या कोरडवाहू शेतीवर बारा महिने घर चालत नाही, म्हणून तो पुन्हा बाहेर पडतो. कोणी नाशिकच्या कारखान्यात पहारेकरी होतो, कोणी मुंबईत, कोणी आखाती देशात. पहिली पत्नी वारलेली असेल किंवा विवाह मुळातच राहून गेला असेल, तर आयुष्याच्या या दुसऱ्या टप्प्यात त्याची गाठ एखाद्या नेपाळी कुटुंबाशी पडणे, किंवा परदेशात बरोबर काम करणाऱ्या स्त्रीशी विवाह ठरणे, यात अघटित असे काही नाही.

आता कायदा. एके काळी नियम असा होता की, कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी 'कुटुंब' म्हणजे सेवेत असताना जे अस्तित्वात आले तेच. निवृत्तीनंतर केलेल्या पत्नीला त्यात स्थान नव्हते. हा भेद १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने भगवंती विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात अन्यायकारक आणि समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला, आणि तेव्हापासून निवृत्त्युत्तर विवाहातील पत्नी व त्या विवाहाची अपत्येही कुटुंबाच्या व्याख्येत आली. त्यापूर्वी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, नकारा यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेबद्दल मिळालेला हक्क आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. हे दोन निर्णय एकत्र वाचले की पुढचा विचार सरळ होतो. वेतन कमावले सैनिकाने. त्याचा जो अंश त्याच्या पश्चात कुटुंबाला जावयाचा, तो कायदेशीर पत्नीला जावयाचा. आणि ती कायदेशीर पत्नी आहे की नाही, हे विवाहाच्या वैधतेवरून ठरावयाचे, तिच्या पारपत्राच्या रंगावरून नव्हे.

याचा सर्वांत बोलका पुरावा नेपाळात सापडतो. ९ नोव्हेंबर १९४७ च्या ब्रिटन, भारत आणि नेपाळ यांच्या त्रिपक्षीय करारानुसार गोरखा पलटणींपैकी काही भारताकडे राहिल्या, आणि तेव्हापासून नेपाळचे नागरिक भारतीय सैन्यात चाकरी करीत आले. त्यांच्या पत्नी नेपाळच्या नागरिक, राहणार नेपाळच्या डोंगरात, आणि त्यांतील कित्येकींनी भारताची भूमी पाहिलेलीही नसेल. तरीसुद्धा पतीच्या मृत्यूनंतर भारत सरकारच्या तिजोरीतून त्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन जाते, आणि ते वाटण्यासाठी काठमांडू, पोखरा आणि धरान येथे भारताने स्वतःची निवृत्तिवेतन कार्यालये उघडलेली आहेत. परकीय नागरिकत्व हाच जर या वेतनाला अडसर असता, तर ही कार्यालये एक दिवसही चालली नसती. मग पेठच्या जवानाची नेपाळी पत्नी कोणत्या न्यायाने परकी ठरते?

या औदार्याची किंमत कळावयाची असेल, तर थोडे मागे पाहिले पाहिजे. मीर जाफरने क्लाइव्हला ठेवलेल्या पाच लाख रुपयांच्या रकमेतून १७७० साली लॉर्ड क्लाइव्ह निधी स्थापन झाला, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांच्या व शिपायांच्या विधवांना त्यातून वेतन मिळू लागले. पैसा बंगालच्या नवाबाचा, म्हणजे याच भूमीचा. परंतु गोऱ्या शिपायाने येथील स्त्रीशी संसार केला असेल, त्याची मुले तिने वाढविली असतील, तर त्याच्या मागे त्या निधीचे दार तिला बंद राहत असे, कारण ती एतद्देशीय होती. सेवा तीच, मृत्यू तोच, वैधव्य तेच. भेद केवळ जन्माचा. स्वतंत्र भारताने आपल्या सैनिकांच्या पत्नींबाबत हा भेद मानला नाही, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते, आणि म्हणूनच केवळ कागदाच्या अभावी तो हक्क हातचा जाताना पाहणे अधिक क्लेशदायक होते. ब्रिटनमध्ये तर १९७५ च्या सैनिकी निवृत्तिवेतन योजनेत, सेवेनंतर विवाह केलेल्याच्या विधवेचे वेतन ठरविताना पतीची एप्रिल १९७८ नंतरची सेवाच तेवढी जमेस धरली जाते. अमेरिकेत निवृत्तीनंतर विवाह करणाऱ्या सैनिकाला आपल्या नव्या पत्नीचे नाव वारसवेतनाच्या योजनेत एका वर्षाच्या आत घालावे लागते. आपल्याकडील नियम या दोहोंपेक्षा उदार आहे.

मात्र सेवेत असलेल्या जवानांनी एक भेद नीट लक्षात ठेवावा. वर जे सांगितले ते निवृत्तांविषयी. वर्दीत असताना परदेशी व्यक्तीशी विवाह करावयाचा असेल, तर सैन्यात वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. मुलकी नोकरांनाही १९६४ च्या वर्तणूक नियमांतील एकविसाव्या नियमाप्रमाणे असा विवाह सरकारला तत्काळ कळवावा लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका जवानाला पाकिस्तानी नागरिक असलेल्या स्त्रीशी केलेला विवाह लपविल्याच्या आरोपावरून बडतर्फ करण्यात आले. आपण तो रीतसर कळविला होता, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार तेथे प्रधान असतो आणि तो असावयासही हवा. निवृत्त सैनिकावर हे बंधन नाही; त्याच्यावर आहे ती केवळ खरी माहिती खऱ्या वेळी देण्याची जबाबदारी.

आता पेठ तालुक्यापुरता जो खरा पेच आहे, त्याकडे वळू, कारण तो शहरातल्या पुस्तकी सल्ल्यात सापडत नाही. आपला तालुका मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली या अनुसूचित जमातींचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, केंद्र सरकारने राजपत्रात वेगळा हुकूम काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. म्हणजे कोकणा समाजातील माजी हवालदाराने, समजा, सिलीगुडीकडे नोकरी करताना भेटलेल्या नेपाळी स्त्रीशी गावी येऊन विवाह केला, तर तो विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला असे सहजासहजी म्हणता येणार नाही. तो जमातीच्या रूढीप्रमाणे झाला, असे म्हणावे लागेल, आणि रूढी ही सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सुरजमणी स्टेला कुजूर यांच्या प्रकरणात हेच सांगितले की, जमातीच्या रूढीवर ज्याला विसंबावयाचे आहे, त्याने ती रूढी मांडली पाहिजे आणि पुराव्याने शाबीत केली पाहिजे. वारल्यांमध्ये धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणून लग्न लावते. ते लग्न समाजाच्या दृष्टीने पूर्ण पवित्र आणि पूर्ण पक्के असते, पण धवलेरी दाखला लिहून देत नाही, आणि तीस वर्षांनी विधवेला सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसपुढे साक्षीला उभे राहावयाचे असते, तेव्हा ती धवलेरी आणि मांडवातील पंच बहुधा हयात नसतात. त्यात वधू जमातीबाहेरची, देशाबाहेरची असेल, तर 'तिच्याशी असा विवाह करण्याची तुमच्या समाजात रूढी आहे काय' हा आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याला उत्तर देणे वकिलालाही कठीण जाते.

यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. या कायद्याला धर्म, जात, जमात वा नागरिकत्व यांची अट नाही. वर एकवीस वर्षांचा, वधू अठरा वर्षांची, दोघांचाही दुसरा जोडीदार हयात नसलेला, आणि निषिद्ध नाते नसलेले, एवढे असले की पुरे. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस मुक्काम हवा. नाशिकच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ती कचेरीत लावली जाते, तीस दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, आणि मग तीन साक्षीदारांसमोर विवाह होऊन दाखला मिळतो. परदेशी वधूकडून तिच्या देशाच्या वकिलातीचे, ती अविवाहित असल्याचे पत्र मागितले जाते. आणि ज्यांचा विवाह रूढीप्रमाणे आधीच होऊन गेला आहे, त्यांनी हात जोडून बसू नये. याच कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली झालेल्या विवाहाची नोंदही करता येते, मात्र त्यासाठी अर्जापूर्वी दोघांचाही तीस दिवसांचा मुक्काम जिल्ह्यात हवा. ग्रामपंचायतीत होणारी नोंद, जी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने होते, ती उपयोगी आहेच. परंतु मुळात विवाह कोणत्या कायद्याखाली वैध, हा प्रश्न ती नोंद सोडवीत नाही. विशेष विवाह कायद्याखालील दाखल्याने वारसाहक्काच्या कायद्यावरही काही परिणाम होतात, म्हणून जमीनजुमला असणाऱ्यांनी नाशिकच्या एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. विवाह परदेशात झाला असेल, तर तेथील भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली त्याची नोंद करून घेता येते.

पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोटाचा हुकूमनामा नसताना, दुसरी केली असेल, तर वरील कशाचाही उपयोग नाही. जमातीच्या रूढीत दुसरी पत्नी चालत असली, तरी निवृत्तिवेतनाच्या कामात त्यातून भांडणाखेरीज काही निष्पन्न होत नाही. अशा संबंधातील मुलांचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रामेश्वरी देवी यांच्या प्रकरणात मान्य केला आहे.

दाखला हाती आला की दुसरा टप्पा सुरू होतो, आणि तेथे अडखळण होते ती नावांची आणि तारखांची. नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावर जन्मतारीख विक्रम संवतात असते. संवत २०४७ चा आषाढ म्हणजे इसवी सन १९९० चे जून-जुलै. पण लिपी देवनागरीच असल्यामुळे आपल्याकडील कारकून ती तारीख सहज वाचतो, आणि मग ती संगणकात बसत नाही म्हणून अर्ज परत येतो, किंवा कोणी अंदाजाने वर्ष बदलून लिहितो, आणि तो अंदाज पुढे जन्मभर निस्तरावा लागतो. त्यावर आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांत अंगठीने नाव लिहून वधूचे नाव बदलण्याची रीत. माहेरची मनमाया थापा सासरी मनीषा होते, मधे पतीचे नाव आणि शेवटी सासरचे आडनाव लागते, आणि पारपत्र, विवाहाचा दाखला, बँकेचे खाते व पतीची पेन्शन पेमेंट ऑर्डर या चार कागदांवर चार वेगळ्या स्त्रिया उभ्या राहतात. पत्नी परदेशी असेल, तर नाव बदलण्याची हौस घरापुरती ठेवावी, आणि पारपत्रावर वा नागरिकता प्रमाणपत्रावर जे नाव, जे वर्ण, जो क्रम असेल, तोच प्रत्येक सरकारी कागदावर चढवावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. तारीख बदलून घेताना नेपाळी वकिलातीकडून वा अधिकृत भाषांतरकाराकडून इसवी सनातील दाखला घ्यावा.

नोंद करावयाची कोठे, याविषयीही गैरसमज आहेत. बँक ही नोंद करीत नाही, तहसील कचेरीही नाही. सैनिक ज्या दलाचा, त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज जातो. तोफखान्यातील जवानांचे भाग्य असे की, साऱ्या देशातील तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस आपल्याच जिल्ह्यात, नाशिक रोड कॅम्पात आहे. केरळच्या वा पंजाबच्या गोलंदाजाला ज्या कचेरीशी टपालाने झगडावे लागते, तिचे दार पेठच्या गोलंदाजाला करंजाळीमार्गे एका सकाळच्या प्रवासावर आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगावकडे, महार रेजिमेंटवाल्यांना मध्य प्रदेशातील सागरकडे अर्ज धाडावा लागतो. अर्जासोबत विवाहाचा दाखला, दोघांचे एकत्र छायाचित्र, प्रतिज्ञापत्र, पहिली पत्नी वारली वा घटस्फोट झाला असल्यास त्याचा दाखला, आणि डिस्चार्ज बुकाची व पेन्शन पेमेंट ऑर्डरची नक्कल जोडावी. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद तपासून घेतले, तर परत येण्याची भीती कमी होते. रेकॉर्ड ऑफिसकडून अर्ज प्रयागराजच्या संरक्षण लेखा विभागाच्या निवृत्तिवेतन कार्यालयाकडे जातो, आणि तेथून पत्नीच्या नावासह शुद्धिपत्र निघते. ज्यांचे वेतन आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर आले आहे, त्यांनी त्या प्रणालीतील आपल्या कुटुंबाच्या तपशिलात तिचे नाव प्रत्यक्ष दिसते की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तो रकाना रिकामा असेल, तर दाखल्यांची पेटी भरलेली असूनही काम अपुरे आहे.

ही नोंद पतीच्या हयातीत झाली, तर तिच्या हाती येणारे वेतन सामान्यतः शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असते, विशिष्ट मुदतीपर्यंत वाढीव दराने पन्नास टक्के. १ जानेवारी २०१६ पासून किमान दर महिना नऊ हजार रुपये, आणि त्यावर महागाई सवलत. तिने पुनर्विवाह केला, तर सामान्य कुटुंबनिवृत्तिवेतन बंद होते. अपत्यहीन विधवेला मात्र तिचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्यास ते पुढे चालू राहू शकते. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ती माहेरच्या देशात असेल, तर तेथील भारतीय वकिलातीतून तो देता येतो. बारा महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकाला मुदतीचे आधार कार्डही मिळते, आणि त्याने पुढील बरीच कामे सोपी होतात.

नागरिकत्वाविषयी थोडक्यात. भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षे भारतात राहिल्यावर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली नोंदणीसाठी अर्ज करता येतो. विवाहाची नोंद होऊन दोन वर्षे झाल्यावर, पाकिस्तान व बांगलादेशचे नागरिक वगळता, प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्डही मागता येते. नेपाळी नागरिकांना १९५० च्या तहामुळे येथे राहण्यास व्हिसा लागत नाही. हे सर्व मार्ग चांगले आहेत, त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु 'आधी नागरिकत्व मिळू दे, मग पेन्शनीत नाव घालू' असे म्हणून जे सात-आठ वर्षे थांबतात, ते आपल्या पत्नीवर अन्याय करतात. वेतनाचा हक्क नागरिकत्वाची वाट पाहत नाही, आणि मृत्यूही पाहत नाही.

सरकारी यंत्रणेकडून एक अपेक्षा मांडल्याखेरीज राहवत नाही. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील माजी सैनिक रूढीने विवाह करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मग त्यांच्या विवाहांची विशेष विवाह कायद्याखाली नोंद करून देण्यासाठी विवाह अधिकारी आणि सैनिक कल्याण अधिकारी यांनी वर्षातून काही वेळा संयुक्तपणे तालुक्याच्या ठिकाणी बसावे, यात अशक्य काय आहे? पावसाळ्यात सावळघाट उतरून-चढून नाशिकला खेटे घालणाऱ्या वृद्ध सुभेदाराला, आणि मराठी धड न समजणाऱ्या त्याच्या पत्नीला, एवढी सोय मिळावी, हा त्यांच्या सेवेचा किमान मान आहे.

ज्या वाचकांच्या घरात वा शेजारात असा विवाह झालेला आहे, त्यांनी हा लेखांक त्या सैनिकाला वाचून दाखवावा, आणि त्याने या महिन्याच्या आत विवाहाचा दाखला, पत्नीचे पारपत्र वा नागरिकता प्रमाणपत्र आणि आपली पेन्शन पेमेंट ऑर्डर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे, ही विनंती.